मायक्रॉनचा हिशेब

भोकर तालुक्यात चारचाकीला पॉलिश मारायचे मुहूर्त ठरलेले आहेत : दसरा, घरचं लग्न, निवडणूक आणि गाडीची विक्री. पहिल्या तीन मुहूर्तांना गाडी लोकांनी बघावी अशी मालकाची इच्छा असते. चौथ्याला लोकांनी बघावी, पण फार निरखून बघू नये, अशी असते. पॉलिशवाल्याचा खरा धंदा या चौथ्या मुहूर्तावर चालतो, हे त्याच्या दुकानासमोर बसून चहा पिणारा कोणीही सांगेल. आणि दुकानासमोर बसून चहा पिणाऱ्यांची भोकरात कधी टंचाई पडलेली नाही. टंचाई पाण्याची पडते, विजेची पडते, युरियाची पडते. दुसऱ्याचं काम बघत बसणाऱ्यांची नाही.

म्हैसा रोडला असं एक दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड, एक कॉम्प्रेसर आणि खिळ्याला टांगलेलं पॉलिशचं मशीन. पाटीवर डेंटिंग, पेंटिंग, रबिंग, पॉलिश असे चार शब्द आहेत आणि त्याखाली सगळ्यात ठळक अक्षरात 'उधारी बंद'. ही एकच ओळ उस्तादांनी स्वतः रंगवली आहे. बाकीची पाटी शिकाऊ पोराने. उस्ताद म्हणजे दुकानाचे मालक. त्यांना नाव आहे, पण ते फक्त बँकेला ठाऊक आहे.

या धंद्यातला सगळ्यात मोठा डाग गिऱ्हाइकाच्या डोक्यात असतो आणि तो काढायला कुठलंच कंपाऊंड चालत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी लावायचं. डब्यातलं कंपाऊंड दिसतं घट्ट, पांढरं, मऊ. ते गाडीला फासलं की अंगात मुरतं, ओरखडे भरून निघतात आणि गाडी बाळसं धरते, असा सार्वत्रिक समज आहे. म्हणून गाडी उभी करताकरता माणूस सांगतो, ''उस्ताद, दोन हात जास्तीचे मारा. पैशाकडं बगू नका.''

उस्ताद पैशाकडेच बघत असतात, पण सांगतात खरं ते. ''साब, चमक घिसने से आती. चोपडने से नै आती.''

हे वाक्य ऐकल्यावर गिऱ्हाईक मान डोलावतं आणि पुन्हा म्हणतं, ''व्हय ना, म्हणून तर म्हणालो, जरा जाड थर द्या.''

वास्तविक त्या पांढऱ्या लगद्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिबारीक पूड असते. पॉलिश पेपरवर जे खरखरीत असतं त्याच जातीची, फक्त इतकी बारीक की बोटाला ती मऊ लागावी. माणिक नावाचं रत्नही मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइडच. म्हणजे भोकरात भर दुपारी लिंबाखाली माणकाच्या चुलतभावाची भुकटी गाडीवर घासली जाते. ही बातमी सराफ्यात कळलेली नाही हे गाडीवाल्यांचं नशीब, नाहीतर रबिंगचा दर तोळ्यावर गेला असता. 'फास्ट कट' म्हणून जे कंपाऊंड मिळतं त्यात ही पूड जरा रांगडी असते. काही कंपाऊंडमधले कण घासता घासता फुटून बारीक होत जातात. आधी कापतात, मग गुळगुळीत करतात. काहींचे शेवटपर्यंत तसेच राहतात; तिथं केव्हा थांबायचं ते माणसाने ठरवायचं. 'फास्ट' हा शब्द गिऱ्हाइकाला आवडतो. 'कट' हा शब्द तो वाचत नाही.

आता कापायचं काय आणि किती, हा प्रश्न. गाडीच्या पत्र्यावर कंपनीचा जो रंग असतो त्याची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खाली प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, तो ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉनच्या आसपास भरतो. म्हणजे ज्या थरावर गाडीची सगळी अब्रू उभी आहे तो थर मालकाच्या डोक्यावर उरलेल्या एका केसाइतकाही जाड नाही. ऊन अडवायचं काम तोच करतो, पावसाचं पाणी तोच झेलतो, आणि पॉलिशवाल्याचं मशीन फिरतं तेही त्याच्याच अंगावर. कडक रबिंग झालं की त्यातले दोनचार मायक्रॉन जातात. गेलेले परत येत नाहीत. क्लिअर कोट फार पातळ झाला की मराठवाड्याचं ऊन उरलेलं काम करतं : टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे उठतात, साल निघायला लागते, आणि मग मालक विचारतो, ''उस्ताद, हे पॉलिशनं जाईल का?''

पण खरी गंमत ओरखड्याची आहे. ओरखडा ही वस्तू नव्हे, ती खाच आहे. वस्तू असती तर काढता आली असती. खाच काढायची म्हणजे तिच्या आजूबाजूचा रंग घासत घासत तिच्या तळापर्यंत न्यायचा. उस्तादांच्या भाषेत, ''इसको निकालना बोले तो बाकी गाडी को इसके बराबर लाना पडता.'' सगळी गाडी ओरखड्याच्या पातळीला आली की ओरखडा दिसत नाही आणि लोक म्हणतात, गाडी नवी झाली.

हे तत्त्व आपल्याकडे नवीन नाही. शेजाऱ्याचं सोयाबीन एकरी दोन पोती जास्त झालं तर आपलं वाढवण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. त्याचं वजनकाट्यावर कसं कमी भरेल यावर पारावर चर्चा होते. वर्गात एकालाच गणित येत असेल तर बाकीच्यांना शिकवण्यापेक्षा त्याला मॉनिटर करणं सोपं पडतं. महिनाभरात तोही बरोबरीला येतो. भावकीत एकाने शहरात घर बांधलं की त्याच्या वाटणीचा बांध कोरायला सुरुवात होते. रबिंगचं शास्त्र गावाला जन्मतःच अवगत असतं. मशीन फक्त उशिरा आलं.

ओरखडे येतात कुठून, याबद्दल प्रत्येक मालकाचं एकच उत्तर असतं : ''पोरं लय वांड हायत.'' पोरं वांड असतात हे खरं, पण निम्म्याहून जास्त ओरखडे मालकाने स्वतःच्या हाताने, प्रेमाने काढलेले असतात. या भागातल्या रस्त्यांवरून वाळूचे हायवा दिवसरात्र पळतात. वाळूतलं क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. ही धूळ गाडीवर बसते आणि मालक सकाळी उठून, तोंड धुण्याआधी, जुन्या बनियनने गाडी कोरडीच पुसतो. आधी गोल गोल, मग आडवी, मग हौसेने परत गोल. उन्हात बॉनेटकडे तिरकं बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी बारीक रेषांची वर्तुळं दिसतात ती या निष्ठेची. जो गाडी महिनोन्महिने पुसतच नाही त्याच्या गाडीवर ही वर्तुळं कमी असतात. आळशी माणसाच्या बाजूने शास्त्र उभं राहिल्याची इतकी स्वच्छ उदाहरणं फार नाहीत.

धुळीवर बोटाने लिहिणं ही दुसरी कला. डिकीच्या धुळीवर कुणीतरी 'धुवा की राव' असं लिहून जातं. बोट मऊ असतं, पण बोटाखालची वाळू मऊ नसते. मालक गाडी धुतो, अक्षरं जातात. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की त्याच धुतलेल्या, चकचकीत डिकीवर 'धुवा की राव' पुन्हा उमटतं. एका प्राध्यापकांच्या गाडीवर हा मजकूर इतका सुवाच्य होता की त्यांनी शेवटी तिथं कॉलेजचा स्टिकर लावला.

मग बोअरचं पाणी. आमच्याकडच्या बोअरला पाणी लागणं हीच मोठी बातमी असते, त्यामुळे त्यात क्षार किती हे कोणी विचारत नाही. गाडी धुऊन उन्हात वाळू दिली की पाणी उडून जातं आणि प्रत्येक थेंबाच्या जागी चुन्याचं पांढरं कडं राहतं. मालक ते नखाने खरवडतो. नख तुटतं, कडं राहतं. झाडाच्या सावलीत लावावी तर पक्षी असतात. त्यांची विष्ठा उन्हात तापली की क्लिअर कोटला खाते. भोकरात गाडी लावायला अशी जागा नाही जिथं तिला काही होणार नाही. फक्त कमीजास्त होतं.

यावर घरगुती उपाय पुष्कळ. टूथपेस्ट हा त्यातला सर्वांत सुशिक्षित. तो थोडाफार चालतोही, कारण दात घासायच्या पेस्टमध्येही बारीक घासणारी पूड असतेच. फक्त गाडीला दिवसभर पेपरमिंटचा वास येतो आणि काळ्या प्लास्टिकच्या खाचांत पेस्ट वाळून बसते. डिझेलचं फडकं हा वडाप चालवणाऱ्यांचा उपाय. डिझेल पुसलं की गाडी ताबडतोब काळीभोर चमकते, कारण तिच्यावर तेलाचा हात फिरलेला असतो. तासाभरात हायवा शेजारून जातो आणि सगळी धूळ त्या तेलावर येऊन मुक्कामाला बसते. रॉकेलचे भक्तही होते, पण रेशनवरचं रॉकेल गेलं आणि तो संप्रदाय बसला.

घासून चमक आणायची ही रीत मोटारीइतकीच जुनी आहे म्हणा ना. सुरुवातीच्या मोटारींना व्हार्निशचा रंग असे आणि तो वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. कारखान्यात गाड्या तयार होण्यापेक्षा वाळत पडण्यात जास्त दिवस जात. अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा ड्युको नावाचा झटपट वाळणारा रंग काढला आणि जनरल मोटर्सने १९२० च्या दशकात तो गाड्यांवर आणला. नायट्रोसेल्युलोज बंदुकीच्या दारूतही वापरतात, त्यामुळे रंगाला घाई असणार हे ओघानं आलं. पण हा रंग वाळला की मंद दिसे. त्याला चमक द्यायची तर घासावंच लागे. रबिंग कंपाऊंडचे सुगीचे दिवस तेव्हा सुरू झाले. १९८० नंतर क्लिअर कोटच्या गाड्या सर्वत्र झाल्या. रंग कारखान्यातूनच चकचकीत येऊ लागला. घासायची गरज गेली, सवय राहिली.

चिकटपट्टीचा शोधही याच धंद्यातला. रिचर्ड ड्रू हा थ्रीएम कंपनीचा माणूस पॉलिश पेपरचे नमुने घेऊन रंगाच्या गॅरेजांत फिरायचा. दुरंगी गाड्यांची फॅशन होती आणि एक रंग झाकून दुसरा मारताना कागद निघता निघेना. निघाला की रंग घेऊनच यायचा. पेंटरांच्या शिव्या ऐकून ड्रूने १९२५ मध्ये मास्किंग टेप काढली. पेंटरांच्या शिव्यांतून मानवजातीचा फायदा झाल्याची ही नोंद आहे. भोकरातल्या शिव्या संख्येने आणि गुणवत्तेने कमी नाहीत. ऐकायला कंपनीचा माणूस आलेला नाही इतकंच.

ही टेप उस्तादांचं पहिलं हत्यार. मशीन हातात घ्यायच्या आधी काच, रबर, काळं प्लास्टिक, नंबरप्लेटची कड, सगळं पट्ट्या लावून झाकायचं. कारण कंपाऊंड उडतं. मशीन फिरायला लागलं की ते गाडीवर कमी आणि बघ्यांच्या शर्टावर जास्त दिसतं. काळ्या खडबडीत प्लास्टिकवर ते वाळलं की पांढरं होतं आणि निघत नाही. गाडीचे ओरखडे गेले आणि बंपरला कोड फुटलं, असा निकाल लागतो. शिकाऊ पोराला पहिलं वर्षभर फक्त टेप लावायला मिळते. दुसऱ्या वर्षी काढायला.

आधी गाडी धुऊन घ्यायची. मग चिकणमातीच्या वडीसारखी एक वडी ओल्या पत्र्यावरून फिरवायची; हात फिरवला की खरखर लागते ती सगळी वडीला चिकटून येते. मग लोकरीचा पॅड मशीनला चढवायचा, त्यावर कंपाऊंडचे चार ठिपके. मशीन बंद असतानाच ते पत्र्यावर टेकवून पसरायचे. मशीन आधी चालू केलं तर चारही ठिपके लिंबाच्या झाडावर. मग हळू वेग, मग हजार-दीड हजार फेरे, आणि मशीन कधीच एका जागी उभं ठेवायचं नाही. घर्षणाने पत्रा तापतो. उस्ताद मधेमधे तळहाताची मागची बाजू बॉनेटला लावून बघतात, आई तापातल्या लेकराच्या कपाळाला लावते तशी. चटका बसला की थांबायचं. कडांवर, उंचवट्याच्या रेषेवर रंग आधीच पातळ बसलेला असतो; तिथं मशीन क्षणभर जास्त थांबलं की खालचा प्रायमर डोकावतो. बंपर प्लास्टिकचा, त्याची उष्णता पसरत नाही, तो लगेच भाजतो. आणि हे सगळं सावलीत, कारण मे महिन्यात भोकरातल्या पत्र्यावर कंपाऊंड टाकलं तर मशीन येईपर्यंत त्याचा पापड होतो.

उस्तादांचा एक नाटकी स्वभाव आहे. ते बॉनेटच्या बरोबर मधोमध टेप लावतात आणि आधी निम्मंच बॉनेट घासतात. मग टेप काढून मालकाला बोलावतात. एका बाजूला गेल्या पाच वर्षांचा इतिहास, दुसऱ्या बाजूला लिंबाच्या डहाळ्यांचं पानापानासकट प्रतिबिंब. मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. पाच वर्षं आपण कशात फिरत होतो, हे त्याला एका टेपच्या अंतरावर दिसतं. बरोबर याच क्षणी लाइट जाते.

लाइट जाण्याचं वेळापत्रक महावितरणपेक्षा नियती जास्त काटेकोर पाळते. एका नवरदेवाची गाडी अशीच निम्म्यावर अडकली. मुहूर्त गोरज, वऱ्हाड निघालेलं, लाइटचा पत्ता नाही. मामा म्हणाले, ''असू द्या, हारं घालू त्या बाजूला.'' चमकलेली बाजू उघडी ठेवून धुरकट बाजूवर झेंडूच्या माळा सोडल्या. मंडपासमोर गाडी नेमकी उलट्या बाजूने लागली आणि नवरीकडच्यांनी सगळी गाडी फुलांनी का नाही सजवली यावरून अर्धा तास मानपान चालला.

दुसरी परीक्षा सूर्याची. ट्यूबलाइटखाली जी गाडी आरशासारखी असते तिच्यावर सकाळच्या उन्हात मशीनच्या फेऱ्यांचे ढगाळ पट्टे हलताना दिसतात. लोकरीच्या पॅडनंतर स्पंजाचा मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन तेच काम पुन्हा केलं नाही की हे पट्टे राहतात. पण तोवर मालकाला घाई झालेली असते, आणि काही पॉलिशमध्ये तेलं असतात, ती रेषा तात्पुरत्या बुजवतात. दोनतीनदा गाडी धुतली की तेल जातं, रेषा येतात. चौथ्या मुहूर्ताच्या गाड्यांना हेच पॉलिश फार मानवतं, कारण दोनतीन धुण्यांनंतर गाडी दुसऱ्याच्या दारात असते.

यातून पांढरी गाडी तेवढी सुटते. पांढऱ्यावर धूळ दिसते, पण ओरखडे आणि मशीनचे पट्टे सहसा दिसत नाहीत. काळ्यावर सगळं दिसतं. काळी गाडी घेणारा माणूस उस्तादांना बघताक्षणी आवडतो. ताफे बघण्याची भोकरला सवय आहे. २००९ मध्ये इथले आमदार अशोक चव्हाण राज्याचे मुख्यमंत्रीच होते, त्यामुळे लाल दिव्याच्या काळातही आणि नंतरही पांढऱ्या गाड्यांच्या रांगा गावाने खूप मोजल्या. पुढाऱ्यांच्या गाड्या पक्ष कुठलाही असो, पांढऱ्याच का, यावर पारावर अनेक मतं आहेत. उस्तादांचं एकच : पांढऱ्यावर ओरखडा दिसत नाही. ही सोय ज्यांच्या सगळ्यात आधी लक्षात आली त्यांनी कपडेही त्याच रंगाचे शिवले.

मराठवाड्याला घासून रंगवण्याचा खरा अनुभव पोळ्याचा. पोळ्याच्या आधी बैलाची शिंगं तासतात. वर्षभराची खडबडीत साल निघते, आतलं गुळगुळीत शिंग वर येतं, मग त्यावर हिंगूळ किंवा वार्निश. कंधारच्या लाल बैलाची शिंगं अशी तासून रंगवली की तो बैल स्वतःच जरा मान वर करून चालतो. रबिंगवाले नेमकं हेच करतात. फरक एवढाच, की शिंग पुढच्या पोळ्यापर्यंत आतून वाढतं. क्लिअर कोट आतून वाढत नाही. तरी शेतकरी माणूस गाडीला दर दसऱ्याला घासून घेतो, कारण मागच्या पिढ्यांचा अनुभव त्याला सांगतो की घासलेलं भरून येतं. बैलाच्या बाबतीत तो अनुभव खरा होता.

रंग टिकवायचा एकच खात्रीचा मार्ग आहे आणि तो निजामाने दाखवून दिला. भोकरही तेव्हा हैदराबाद संस्थानातच. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस आता हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. ती जेमतेम साडेतीनशे मैल चालली आहे. शंभर वर्षांत साडेतीनशे मैल. आमच्याकडची वडाप जीप एवढं अंतर लग्नसराईत दोन दिवसांत कापते आणि मधे पंक्चरही काढते. गाडी चालवली नाही की ओरखडा येत नाही, हे निजामाला परवडलं. आपल्याला हप्ते असतात.

हप्ते फेडून झाल्यावर गाडी विकायला काढलेल्या एका दाजींचं प्रकरण मात्र लिहून ठेवण्याजोगं आहे. दाजींचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. गाडी लाल. घेणारा बाहेरचा नव्हता, उदगीरचा सख्खा मेहुणा. भाव घरातल्या घरात ठरला होता, म्हणजे ठरला नव्हता. दाजींचं म्हणणं, ''एका हाताची गाडी हाय. कुठं टचअप नाही, कुठं पत्रा ठोकलेला नाही. कंपनीतून आली तशी उभी हाय.'' आणि तिला शेवटची एक चमक आणावी म्हणून त्यांनी ती उस्तादांकडे लावली. चूक इथंही नव्हती. मेहुणा सकाळच्या एसटीने लवकर आला आणि थेट दुकानावर येऊन बसला, इथून ती सुरू झाली.

बॉनेट झालं. पॅड पांढरा. उजवी दोन्ही दारं झाली. पॅड पांढरा, कंपाऊंडच्या रंगाचा, जसा असायला हवा तसा. कारण मशीन फक्त वरच्या पारदर्शक थराला लागत होतं. उस्ताद वळसा घालून डावीकडे गेले, मागच्या दारावर मशीन टेकवलं आणि पॅड लाल झाला.

ज्याला यातलं कळत नाही तो म्हणेल, लाल गाडी, लाल पॅड, बिघडलं काय? पण चहा पिणाऱ्यांत कप खाली ठेवण्याची जी एक विशिष्ट शांतता असते ती पसरली. पॅडला रंग लागला म्हणजे वर क्लिअर कोट नाही. क्लिअर कोट नाही म्हणजे रंग कंपनीचा नाही. रंग कंपनीचा नाही म्हणजे दार कशाला तरी लागलेलं आहे.

''दाजी,'' मेहुणा म्हणाला, ''ह्यो पॅड लाल कसा ओ झाला?''

''कंपाऊंड बदललं आसंल.''

''डबा त्योच हाय.''

''ती बाजू उन्हाला असती,'' दाजी म्हणाले. ''उन्हानं रंग सुटतोय.''

मेहुणा काही बोलला नाही. उदगीरकडची माणसं फार बोलत नाहीत. तो उठला, कोपऱ्यात पडलेल्या फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन आला आणि गाडीला लावत निघाला. बॉनेटला चिकटलं. पुढच्या दाराला चिकटलं. मागच्या दाराच्या खालच्या अंगाला लावलं आणि ते सरळ जमिनीवर, मेहुण्याच्याच अंगठ्यावर पडलं. रंगाखाली लांबी भरलेली असली की चुंबकाला पत्रा सापडत नाही. अंगठ्याला लागलेलं त्याने मनावर घेतलं नाही. त्या आवाजाची किंमत दहा हजार तरी होती.

दाजींनी अखेरचा उपाय म्हणून उस्तादांकडे बघितलं. उस्ताद दोघांचे होते : एकाची गाडी विकली जाणार होती, दुसऱ्याची यापुढे त्यांच्याकडेच यायची होती. व्यवसायाची गुप्तता पाळायची तर हीच वेळ. पण कारागीर माणसाला गुप्तता तेवढ्यापुरतीच जमते जोवर त्याच्या कामावर कोणी शंका घेत नाही. मेहुण्याच्या तोंडून नेमकं निघालं, ''कुणी मारलाय कुणास ठाऊक ह्यो रंग.''

''मैंच मारा साब,'' उस्ताद उसळून म्हणाले. ''गए साल. ट्रॅक्टर घुसा था पूरा अंदर. कलर की मॅचिंग तो देखो! फरक दिखरा क्या कईं?''

फरक खरोखर दिसत नव्हता. मेहुण्याने वाकून, उभं राहून, डोळा बारीक करून बघितलं आणि मान्य केलं की काम उत्तम आहे. दाजींनीही नाइलाजाने मान डोलावली. त्या दुपारी लिंबाखाली उस्तादांच्या कलेचं जेवढं कौतुक झालं तेवढंच गाडीचं मोल उतरलं.

शिकाऊ पोराने मशीन पुन्हा उचललं, तसा मेहुण्याने हात आडवा केला. ''राहू दे आता. टपाला आन् डिकीला हात लावू नको. तिथं ओरखडे हायत तेवढी तरी गाडी कंपनीची हाय म्हणून कळतंय.''

त्याचं म्हणणं बाजाराच्या हिशेबाने चोख होतं. जुन्या गाड्यांचे जाणते व्यापारी रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र खिशात घेऊन फिरतात. शंभर-सव्वाशे मायक्रॉन लागले तर कंपनीचा रंग, तीनशे-चारशे लागले तर आत लांबी आणि कहाणी. चमकणारी गाडी बघून ते आधी विचारतात, कशासाठी चमकवली? टपावर जुने ओरखडे असले, डिकीवर 'धुवा की राव' असलं, तर त्यांचा जीव भांड्यात पडतो. उस्तादांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. त्यांची स्वतःची जुनी व्हॅन दुकानामागे उभी असते, मापात न मावणारे ओरखडे अंगावर घेऊन. हिला का नाही मशीन मारत, असं कोणी विचारलं की म्हणतात, ''साब, इसमें कलर बाकी है ना अभी.''

दाजींनी व्यवहार घरातल्या भावात, म्हणजे पडत्या भावात, पुरा केला. पण माणूस दुकानदार. धडा वाया जाऊ देणारा नव्हे. लहान भावाची गाडी विकायला काढली तेव्हा त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर स्टेटस ठेवलं : ''विकणे आहे. एमएच-२६. एक हात. पॉलिश मारलेले नाही, मारणारही नाही. सर्व ओरखडे ओरिजिनल. येताना चुंबक सोबत आणावे.'' गाडी दुपारच्या आत गेली. आता तालुक्यात विकाऊ गाडीला कोणी पॉलिश मारत नाही, आणि उस्तादांकडे एक गृहस्थ हळू आवाजात विचारून गेले आहेत, डाव्या दारावर कंपनीसारखे दिसणारे चारदोन जुने ओरखडे काढून मिळतील का.